पाच महिने परदेशात, पाठीवर एकच सॅक: ४० लिटर पुरे की ६५ हवीच?

कोपरी_पूर्व

बेत असा धरू: जानेवारी ते मे. उत्तर व्हिएतनाम, लाओस, थायलंड, एप्रिलात जपान, मेमध्ये जॉर्जियातल्या स्वानेती या डोंगराळ भागात ट्रेक. ठाणे-नवी मुंबईच्या कुठल्याही ट्रेक ग्रुपवर हे लिहिलं की पहिला सल्ला ठरलेला, "पासष्टची घे, जागा कमी पडायला नको." माझं म्हणणं नेमकं उलटं. जागा कमी पडायलाच हवी. चाळीस लिटरच्या वर जाऊ नये आणि सॅक विमानाच्या पोटात टाकू नये.

हिशेब ग्रॅममध्ये घ्या. रिकामी सॅक १,३००. कपडे २,२००, त्यात तीन टी-शर्ट, एक पँट, एक शॉर्ट, फ्लीस, थर्मलचा एक जोड, चार अंतर्वस्त्रं, तीन जोड मोजे. रेन जॅकेट आणि घडी होणारं डाउन जॅकेट मिळून ६५०. फ्लोटर ४५०. चार्जर, पॉवर बँक, अ‍ॅडॅप्टर ७५०. औषधं ३५०. साबण-ब्रश-दाढी ४००. पंचा, हेडलॅम्प, दोरी, कुलूप, किरकोळ ४५०. कागदपत्रं १५०. बेरीज ६,७००. बूट आणि जाड पँट अंगावर. एअरएशिया काय किंवा जपानची पीच काय, केबिनची मर्यादा ७ किलोच, तीही सॅक आणि हातातली पिशवी असे दोन्ही डाग मिळून. त्यात बसतं.

कपडे दर तिसऱ्या दिवशी धुवायचे, साबणाच्या वडीने. वडी द्रव नाही, त्यामुळे १०० मिलीच्या नियमात सापडत नाही.

वाशी_सेक्टर_सतरा

बेरीज बरोबर, गृहीतक चूक. तुमच्या ६,७०० मध्ये पाणी नाही, खाणं नाही, वाटेत घेतलेली एकही वस्तू नाही. एक लिटर पाणी भरलं की सात किलो ओलांडले. ट्रेकिंगच्या काठ्या केबिनमध्ये चालत नाहीत, चाकू चालत नाही, बर्फावर बुटांना लावायचे काटेही सिक्युरिटीला अडतात. मेमध्ये स्वानेतीत जाणार म्हणता ना? मेस्तिया ते उशगुली ही चार दिवसांची वाट, मधली खिंड २,६०० मीटरच्या वर. मेमध्ये तिथे बर्फ असू शकतो. काठ्या आणि काटे कुठे ठेवणार?

दुसरं, लोक लिटर बघतात, पट्टा बघत नाहीत. चाळीसच्या बऱ्याच सॅकना कमरेचा पट्टा म्हणजे नुसती नाडी. सगळा भार खांद्यांवर. पासष्टच्या सॅकला आतली फ्रेम आणि जाड पट्टा असतो, भार कमरेच्या हाडावर उतरतो. जाड पट्ट्यावरचे बारा किलो नाडीवरच्या आठपेक्षा कमी त्रास देतात.

कोपरी_पूर्व

मेस्तिया-उशगुलीला रोज रात्री गावात गेस्टहाउस आहे, तंबू लागत नाही, स्वयंपाक लागत नाही. काठ्या आणि काटे मेस्तियात भाड्याने मिळतात का ते आधी विचारून घ्यावं. नसतील तर राजधानी तिबिलिसीत विकत घ्यावेत. एका खिंडीसाठी पाच महिने पासष्ट लिटर वाहायचे, हे म्हणजे एका वरणभातासाठी अख्खा कांदा-लसणाचा माळा डोक्यावर घेऊन फिरणं.

नौपाडा_काकू

वरणभाताचं नाव काढलंत म्हणून लिहिते. या यादीत खायचं काहीच कसं नाही? शाकाहारी माणसाचे हाल बघितलेत का लाओसच्या खेड्यात? थालीपिठाची भाजणी एक किलो, मेतकूट, कांदेपोह्यांचं कोरडं मिश्रण, डिंकाचे लाडू आणि अर्ध्या लिटरची छोटी किटली एवढं तरी हवंच. तीन किलो होतील फार तर. तेवढ्यासाठी मोठी सॅक घ्यावी लागली तर घ्यावी.

कळवा_नाका

काकू, लाडू पहिल्या आठवड्यात संपतील, तिथवर ठीक. पण किटलीचं गणित जपानमध्ये बिघडतं. तिथे वीज १०० व्होल्टची. आपली २३० व्होल्टवरची १,००० वॉटची किटली तिथे जेमतेम १९० वॉट देते, कारण वॉट व्होल्टच्या वर्गाप्रमाणे उतरतात. अर्धा लिटर पाणी जे इथे तीन मिनिटांत उकळतं, त्याला तिथे पाव तास तरी लागेल. शिवाय जपानमधल्या हॉटेलांत खोलीत किटली बहुतेक असतेच. फोन-लॅपटॉपच्या चार्जरला ही अडचण नाही, त्यांवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. ते मात्र निघण्याआधी वाचून घ्या. ट्रिमरचे चार्जर कधी कधी नुसत्या २३० चे निघतात.

जॉर्जियाला दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको. अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत येते, सिंगापुरातही. म्हणजे अनारसे घरीच खाऊन निघा. पुढे युरोपात शिरायचं ठरलं तर तूप, पेढे, बर्फी नाही, बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. भाजणी, मेतकूट, चिवडा चालतं.

नौपाडा_काकू

बरं, किटली राहू दे. अनारसेही. भाजणी मी काढणार नाही.

कळवा_नाका

काढू नका. पण मूळ वादच मला चुकीच्या जागी चाललेला दिसतो. चाळीस की पासष्ट हे चुकलं तर हनोईच्या जुन्या भागात दुसरी सॅक मिळते. वाटेत मिळत नाही ते आधी ठरवा, लिटर मग बघा.

औषधं. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त असतील तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं आयात प्रमाणपत्र आधी ऑनलाइन काढावं लागतं. आता बघा, रक्तदाबाची गोळी रोज घेणारा माणूस पाच महिन्यांचा साठा घेऊन निघतो. एप्रिलात जपानमध्ये उतरताना त्याच्याकडे महिन्याहून जास्त पुरतील एवढ्या गोळ्या उरलेल्या असणार. म्हणजे प्रमाणपत्र लागलंच. ते न काढता, मूळ पाकीट फेकून गोळ्या डबीत सुट्या भरून नेल्या की विमानतळावर काय समजावणार? सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नुसती चिठ्ठी पुरत नाही, आधी वेगळी परवानगी लागते. कोडीन १ टक्क्याहून जास्त असलं तरी तेच. दुबईत ट्रॅमाडॉल आणि कोडीन दोन्ही नियंत्रित. घरातल्या डब्यातलं "कमरेचं दुखणं" लेबल लावलेलं पाकीट तसंच उचलू नका, घटक वाचा. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेली, पासपोर्टवरच्या नावाशी जुळणारी.

रेबीज. व्हिएतनाम-लाओसमध्ये कुत्र्यांची आणि माकडांची भीती खरी आहे. आधीच लशीचे दोन डोस घेतले, पहिला आणि त्यानंतर सात दिवसांनी दुसरा, तर चावल्यावर फक्त दोन डोस लागतात (त्याच दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी), इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. आधी घेतले नसतील तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं, आणि ते लहान गावांत मिळणं कठीण. जखम दोन्ही बाबतींत पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचीच. दोन इंजेक्शनांचं सॅकमधलं वजन शून्य, हे दोन्ही पक्षांना मान्य असावं.

ऐरोली_दुचाकी

शून्य वजनाचंच आणखी एक. उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा झांग' भागाच्या घाटांत बाइक चालवायची असेल तर ठाणे किंवा वाशी आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय लायसन्स तिथे चालत नाही. भारत देतो ते १९४९ च्या करारानुसार, व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या. थायलंडमध्ये आपलं चालतं. लायसन्स वैध नसताना अपघात झाला की प्रवासविमा हात झटकतो, मग हाड जोडायचा खर्च आपला. 'हा झांग'ला स्थानिक चालकाच्या मागे बसून जा. आणि थायलंडसाठी काढणार असाल तर आपल्या लायसन्सवर 'गिअरसहित मोटरसायकल' लिहिलेलं आहे ना ते बघा. नुसतं कारचं असेल तर त्या पुस्तिकेचा बाइकला उपयोग नाही.

वाशी_सेक्टर_सतरा

हे सगळं मान्य. पण कागद आणि इंजेक्शनं यांनी सॅकचा वाद मिटत नाही. उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात जानेवारीत तापमान दहाच्या खाली जातं, बँकॉकमध्ये महिन्याभरात पस्तीस. कोपरी, तुमच्या यादीत थर्मलचा एकच जोड आहे. तो भिजला की काय? तिथल्या 'सा पा' गावाच्या धुक्यात कपडे दोन दिवस वाळत नाहीत.

कोपरी_पूर्व

म्हणून सुती एकही घेऊ नये. पॉलिस्टर पिळून रात्री पंख्याखाली टाकलं की सकाळी अंगात. मेरिनो लोकरीला वास कमी येतो, पण वाळायला वेळ जास्त आणि कोपरावर लवकर विरते. आणि थंडी सहा आठवड्यांत संपते, थर्मल तिथेच देऊन टाकायचे.

वाशी_सेक्टर_सतरा

मेमध्ये जॉर्जियात परत विकत घ्यायचे? वा.

आणि सुती नको म्हणता तर तुमच्या यादीत पंचा कसा?

कोपरी_पूर्व

पंचा विरळ विणीचा असतो. पिळला की निम्मं पाणी तिथेच जातं, तासाभरात सुकतो. मायक्रोफायबर टॉवेल सुकतो लवकर, पण दोन आठवड्यांत त्याला जो वास धरतो तो कोमट पाण्यात भिजवूनही जात नाही. दीडशे ग्रॅमचा पंचा गळ्याभोवती, डोक्यावर, घाम पुसायला, देवळात कमरेला. जांभळी नाक्याच्या बाजारात स्वस्तात मिळतो.

राबोडी_शिवणकाम

तुम्ही दोघेही सॅक नवी आहे असं धरून बोलताय. ठाण्यातल्या बहुतेकांच्या घरी सामान माळ्यावर आठ-दहा वर्षं पडून असतं, खाडीची दमट हवा खात. त्याचं काय होतं ते सांगतो.

बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा असेल तर तो हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. वापरला नाही तर उलट लवकर, कारण चालताना दाबून आतला ओलावा बाहेर निघतो तो पडून असताना निघत नाही. बाहेरून बूट कोरा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी तळ लोंबतो. तपासायचं असं: अंगठ्याने सोलची बाजू जोरात दाबा. भुगा पडला किंवा बारीक भेगा दिसल्या तर बूट बाद. मोचीकडून चौफेर शिवण मारून घेऊ नका, शिवण धरायला आत काही उरलेलंच नसतं. नुसता डिंक सुटला असेल आणि सोल टणक असेल तर चिकटवून शिवण चालते.

रेन जॅकेट उलटं करा. आतून पांढरा पापुद्रा सुटत असेल किंवा शिवणीवरची पट्टी नखाने उचलली जात असेल तर त्याचं आयुष्य संपलं. सॅकच्या आतल्या लेपाचंही तेच, हाताला चिकट लागला आणि कुबट वास आला की सॅक पाणी पिणार. यावर रेनकव्हर हा उपाय नाही. पाऊस पाठीवरून ओघळून पाठ आणि सॅक यांच्या मधून आत जातो, तिथे कव्हर नसतं. सह्याद्रीत जुलैत चालणाऱ्या माणसाला हे सांगायला नको, आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून दुमडलेलं. चाळीस असो की पासष्ट.

पाठीचं माप: मान खाली घाला, मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या काठाच्या रेषेपर्यंत टेप लावा. सॅक या मापाची घ्या. पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. दुकानात रिकामी घालून बघण्यात अर्थ नाही. घरी पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या भरून येऊरचा रस्ता वर-खाली करा, नवी मुंबईकरांनी खारघर हिल. काचायचं असेल तिथे अर्ध्या तासात काचेल.

कळवा_नाका

राबोडी, हे फार उपयोगाचं. एक पॉवर बँकेबद्दल राहिलं: ती नेहमी केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीच नाही. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर, मर्यादा १००. पण आकडा बँकेवर छापलेला वाचता आला पाहिजे, पुसलेला असेल तर काढून घेतात. चीनमार्गे जपान गाठायचं ठरलं आणि मध्ये तिथली आतली फ्लाइट आली तर २८ जून २०२५ पासून 'थ्री-सी' ही चिनी प्रमाणनाची खूण असलेलीच पॉवर बँक चालते. इथे घेतलेल्यांवर ती खूण सहसा नसते.

आणि भारतीय सिम घरी ठेवून जाऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याच्या आठ दिवस आधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, डेटा बंद, फक्त एसएमएस. डेटासाठी तिथलं ई-सिम. पाच महिन्यांचं रिचार्ज मध्ये संपणार नाही ना तेही बघा. डेबिट कार्डाचा परदेशी वापर ॲपमधून चालू करावा लागतो. दोन कार्डं, दोन वेगळ्या जागी.

नौपाडा_काकू

सॅक चेक-इनला टाकली तर पट्टे सरकत्या पट्ट्यात अडकून तुटतात म्हणे?

वाशी_सेक्टर_सतरा

तुटतात, काकू. कमरेचा पट्टा उलटा फिरवून सॅकभोवती बंद करायचा, लोंबणाऱ्या दोऱ्या आत खोचायच्या आणि वरून पोत्यासारखं कव्हर चढवायचं. दोनशे ग्रॅमचं असतं. काठ्या सॅकच्या बाहेर नाही, आत उभ्या.

कोपरी, मी पासष्टवरून पंचावन्नवर येतो. त्याखाली नाही. आणि चेक-इन करणारच.

कोपरी_पूर्व

पट्टा खरा जाड असेल तर मी पंचेचाळीस मान्य करतो, राबोडींच्या मापाने. चेक-इन नाही. तुम्ही ती पंचावन्न भरून सकाळी नऊच्या सुमाराला ठाण्याहून वाशीची लोकल पकडा आणि रबाळ्याला उतरून दाखवा.

वाशी_सेक्टर_सतरा

रबाळ्याला रिकाम्या हातानेही उतरता येत नाही त्या वेळी.