प्रबंधात साम्य २७ टक्के आलंय, तपासायला स्वस्त सॉफ्टवेअर सुचवा (बजेट ५०० रुपये)

रानजाई: इतिहासात पीएचडी करतेय, मराठीतून. जूनमध्ये प्रबंध जमा करायचाय. ग्रंथालयात तपासला तर दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य २७ टक्के, बहुतेक सगळं दुसऱ्या प्रकरणात. टिपणं काढताना पुस्तकांतली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवली होती. आता माझं कुठलं नि त्यांचं कुठलं तेच कळत नाही. घरी तपासायला काही आहे का? ५०० च्या वर जमणार नाही.

कृष्णाकाठ: स्वस्तात जाऊ नका. मी साडेचार हजार भरले, ३१ वरून ६ वर आलो.

जुना_मास्तर: ती ५०० म्हणतेय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. अवतरणं आणि संदर्भसूची वगळून अहवाल काढलाय का? आधी ते विचार.

लिंबोणी: फुकटच्या साइटवर चढवू नका!! माझं प्रकरण तिथे साठवलं गेलं. विद्यापीठात तपासलं तेव्हा माझंच लिखाण चोरीचं ठरलं. दोन महिने अर्ज घेऊन फिरले.

कृष्णाकाठ: म्हणूनच म्हणतोय, पैसे भरा.

घाटमाथा: शब्द बदलून देणारे मिळतात. आणि सलग १४ शब्द जुळले तरी चालतात.

जुना_मास्तर: साफ चूक. ती सूट सर्वज्ञात माहितीला आणि योगायोगाने जुळलेल्या शब्दांना आहे. शब्द फिरवले तरी विचार त्याचाच, नाव द्यावंच लागतं. इंग्रजी पुस्तकातून मराठीत आणलेला उतारा यंत्राला सहसा सापडत नाही, मौखिकीला बसलेल्या परीक्षकाला सापडतो.

घाटमाथा: माझ्या वेळी कोणी काही बोललं नाही.

पाऊलखुणा: झोटेरो वापरा, संदर्भ नोंदवून ठेवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. टिपण काढतानाच पान क्रमांक लिहायचा.

लिंबोणी: फुकट साइट नकोच, परत सांगते.

रानजाई: सगळ्यांचे आभार. अवतरणं, सूची वगळली तर १९ आलं. सॉफ्टवेअर घेत नाही. दुसरं प्रकरण पुस्तकं मिटून पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिणार, मग एकेक संदर्भ पानासकट पडताळणार. जून हुकला तरी चालेल.

कृष्णाकाठ: अहो, नऊच टक्के कमी करायचेत ना? त्यासाठी अख्खं प्रकरण?

रानजाई: हो दादा. त्यात परकी वाक्यं कोणती, ते मलाच ओळखता येत नाहीये.