जबाब ‘उघड’ करायचा की नुसता दाखवायचा?

लातूरचा_अनुवादक : एका वाक्यावर दोन दिवस अडलोय. चौकशी आयोगानं समन्स काढून एकाला बोलावलं, कायद्यापुढं त्याला उत्तरं द्यावीच लागली, जबाब गोपनीय राहिला. पुढं फौजदारी खटला उभा राहिला आणि तो जबाब दोन्ही बाजूंना द्यायचं ठरलं. मी लिहिलं, ‘सक्तीची गोपनीय साक्ष पक्षकारांना उघड करणे’. तपासणाऱ्या बाईंनी ‘गोपनीय’ तेवढा सोडला, बाकी सगळ्याखाली लाल रेघ.

शुद्धमती : ‘सक्ती’ फारसी. ‘अनिवार्य साक्षीचे प्रकटीकरण’ लिहा.

नांदेडचा_काळा_कोट : ताई, ‘अनिवार्य’ म्हटलं की दहावीचं गणित आठवतं. पण ‘सक्तीची’ही नको, कोठडीत पट्टा दाखवून घेतल्यासारखी वाटते. इथं सक्ती कायद्याची, आणि तिच्यासोबत कवचही: १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचं कलम ६. तिथं बोललेलं बोलणाऱ्यावर दिवाणी-फौजदारीत वापरता येत नाही, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडून. ‘द्यावा लागलेला जबाब’ लिहा. आणि ‘पक्षकार’ म्हणजे आमच्यात अशील! ‘सरकार पक्ष आणि आरोपी’ म्हणा.

गोदाकाठचा_म्हातारा : आमच्या परभणीकडं निजामाच्या काळात जबाबाला ‘इजहार’ म्हणत. आजोबांचा इजहार उर्दूत उतरवला, वाचून कुणी दाखवला नाही, अंगठा तेवढा घेतला. घरी आल्यावर शाई पुसायला आजीनं राख दिली. मरेपर्यंत विचारायचे, ‘मी काय बोललो होतो रे?’

शुद्धमती : वाईट वाटलं. पण निजाम १९४८ लाच गेला, शब्द कशाला सांभाळायचे?

गोदाकाठचा_म्हातारा : मग ‘साक्षीदार’चं काय करता? साक्षी संस्कृत, दार फारसी. अर्धा माणूस हाकलायचा?

बीडचं_पोरगं : बाप्पा, ‘जबाब’ जबड्यावरून आला का? 😄

नांदेडचा_काळा_कोट : नाही रे. जबाब अरबी, उत्तर. जबानी फारसी, जिभेवरून. पोलीस ‘जबाब’ घेतात, कोर्टात ‘साक्ष’ होते, एवढं धरून चाल.

लातूरचा_अनुवादक : आणि ‘उघड’? बाई तिथंच हटून बसल्यात.

नांदेडचा_काळा_कोट : बाई बरोबर आहेत. उघड म्हणजे पारावर. बलात्कार पीडितेनं दंडाधिकाऱ्यापुढं दिलेला जबाब दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत कुणालाही कळू द्यायचा नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगितलंय. नंतर आरोपीला तो मिळतो, पण गावाला नाही. म्हणून ‘नक्कल देणे’.

शुद्धमती : नक्कल माकड करतं. ‘प्रत’ म्हणा.

बीडचं_पोरगं : तहसीलला सातबाराची ‘प्रत’ मागून बघा ताई, बाबू वर बघणार नाही.

गोदाकाठचा_म्हातारा : सातबाराचं सोडा. आमच्या जमिनीचं जुनं खासरा पत्रक उर्दूत आहे, वाचून देणारा कुणी आहे का औरंगाबादेत?

बीडचं_पोरगं : संभाजीनगर म्हणा!

लातूरचा_अनुवादक : मंडळी, उद्या दहाला फाईल द्यायचीय.