फ्लेअरला धूर नाही, म्हणजे गॅस पूर्ण जळतो का?

गच्चीवरून_चेंबूर: आमच्या गच्चीवरून रिफायनरीच्या फ्लेअरची, म्हणजे नको असलेला गॅस जाळणाऱ्या उंच चिमणीची, ज्योत दिसते. काळा धूर क्वचितच. पण इतक्या उंचावर किती गॅस जळला आणि किती तसाच हवेत गेला, हे मोजतात तरी कसं?

पॅनेलवाला: मी पेट्रोकेमिकलमध्ये फ्लेअरचं पॅनेल बघतो, म्हणून कळकळीने सांगतो, धूर नाही म्हणजे सगळं ठीक हा समज सोडा. काजळी धरू नये म्हणून टिपवर, म्हणजे फ्लेअरच्या तोंडाशी, वाफ सोडतात. वाफ हवा ओढून घेते, गॅस नीट मिसळतो, धूर जातो. पण धुराच्या धास्तीने वाफ जास्त सोडली की ज्योत थंड पडते आणि गॅस न जळताच निसटतो. गॅस कमी येत असताना तर हे हमखास होतं, कारण टिप जळू नये म्हणून थोडी वाफ चालू ठेवावीच लागते. अशी ज्योत आखडते, भर उन्हात दिसतही नाही, वर नुसती पांढरी वाफ. बाहेरच्याला वाटतं, किती स्वच्छ!

आता मोजण्याचं. सगळा धूर (म्हणजे ज्योतीतून निघणारे वायू, दिसोत वा न दिसोत) गोळा करावा लागत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन किती, एवढं बघायचं. वाऱ्याने धूर पातळ झाला तरी सगळे वायू सारखेच पातळ होतात, गुणोत्तर बदलत नाही. हे जमिनीवरून इन्फ्रारेड उपकरणाने बघता येतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या पर्यावरण आयोगासाठी ओक्लाहोमातल्या टल्साला चाचण्या झाल्या, तेव्हा क्रेनला टांगून धुरात नळीही धरली होती. कमी उष्मांकाचा गॅस आणि जास्त वाफ एकत्र आली की ज्वलन घसरतं, हे तिथे स्पष्ट दिसलं.

मिथेन_मोजणी: तेलविहिरींवर वाफ नसते, तरी तिथेही गळती आहेच. अमेरिकेत 98 टक्के मिथेन नष्ट होतो असं धरून चालायचे. पर्मियन, ईगल फोर्ड आणि बाकेन या तिथल्या तेलक्षेत्रांमध्ये विमान धुरातून नेऊन मोजलं, तर 91.1 टक्केच निघाला (सायन्स, 2022). म्हणजे सुटणारा मिथेन 2 नव्हे, जवळपास 9 टक्के, चौपटीहून जास्त! त्यात विझलेल्या फ्लेअरचा वाटा मोठा.

गच्चीवरून_चेंबूर: विझलेली कळत नाही?

पॅनेलवाला: पायलटला, म्हणजे गॅस पेटवायला सतत चालू ठेवलेल्या छोट्या ज्योतीला, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) असतं, तापमान पडलं की अलार्म येतो. पण थर्मोकपल वारंवार जळतं, आणि बदलायला शटडाऊनची वाट बघावी लागते. तोवर पायलटवर इन्फ्रारेड कॅमेरा रोखून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.