घरी जाऊन केअरटेकरचं काम करणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

मी गेली नऊ वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन केअरटेकरचं काम करते. लोक ब्युरोची (म्हणजे घरी केअरटेकर पुरवणाऱ्या एजन्सीची) बाई म्हणतात, मावशी म्हणतात, आया म्हणतात, चालतं. म्हाताऱ्या माणसांची सेवा यावर बरंच लिहून येतं, पण वीस ते पन्नास वयाच्या अपंग माणसांकडे काम करणारे आपण कुठे काही बोलतच नाही. म्हणून हा धागा. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, फक्त कुणाचं नाव-पत्ता नको.

सुरुवात मीच करते. आत्ता ज्यांच्याकडे जाते ते दादा 36 वर्षांचे, बाईक घसरली, मानेला मार, खांदे आणि डावं मनगट थोडं हलतं, बाकी नाही. पहिल्या दिवशी मी त्यांच्या आईला विचारलं, काकू, हे चहात साखर किती घेतात? तर बेडवरून आवाज, "मावशी, मान मोडलीय, जीभ नाही." असं मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणून सांगू.

दुसरी गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचा. एका दुपारी म्हणाले डोकं फुटतंय. तोंड लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब आणि पाय बघावेत तर गार. काकू डोकेदुखीची गोळी शोधायला धावल्या. दादाच म्हणाले, आधी नळी बघा. युरोबॅगची (लघवी साठायच्या पिशवीची) नळी एअरबेडच्या कडेखाली दुमडलेली, बॅगेत सकाळपासून नावाला लघवी. बेडची पाठ उभी केली, पट्टा सैल केला, नळी सरळ केली तशी बॅग भरायला लागली आणि पाचेक मिनिटांत चेहऱ्याची लाली उतरली. बीपी 190 दाखवत होतं, त्यांचं एरवी 100 च्या आसपास असतं! डॉक्टर नंतर म्हणाले, छातीच्या सहाव्या मणक्यात किंवा त्याच्या वर इजा असली की असं होऊ शकतं. लघवी तुंबली, पोट साफ झालं नाही, अगदी पायाचं नख मांसात घुसलं तरी, म्हणजे दुखणं खाली आणि बीपी वर, वेळेत नाही बघितलं तर स्ट्रोकसुद्धा येतो. नऊ वर्षांत हे मला ब्युरोत कुणी सांगितलं नव्हतं. पेशंटने सांगितलं.

*

ताई, मी ठाण्यात ब्रदर म्हणजे पुरुष केअरटेकर म्हणून काम करतो, मूळ परभणीकडचा. चोवीस तासवाली ड्युटी. चोवीस तास म्हणजे लोकांना वाटतं रात्री झोपतो की हा, पण दर दोन तासाला कूस बदलायची असते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचेला लाल चट्टा येतो आणि एकदा कातडी फुटली की बेडसोर भरायला महिने जातात. मग मी मोबाईलला गजर लावतो 12, 2, 4, 6. सहाला मग झोपायचं काय, चहाच ठेवायचा. माझे पेशंट 88 किलो, मी 57. पहिले सहा महिने काखेत हात घालून ओढायचो, कंबर गेली आणि त्यांचा खांदा पण दुखवला, अर्धांगाच्या बाजूचा हात कधी ओढायचा नाही हे मला फिजिओवाल्या मॅडमनी सांगितलं. आता आडवी चादर खाली घालतो आणि वहिनी दुसऱ्या टोकाला, एक दोन तीन. घरचे ब्युरोला महिना 24 हजार देतात, माझ्या हातात 16. हे घरच्यांना माहीत नव्हतं, मला पण त्यांचा आकडा माहीत नव्हता, एकदा बोलता बोलता निघालं आणि दोघं गप्प बसलो.

*

मी थोडं वेगळं लिहिते. मी ज्या ताईंकडे जाते त्यांना सेरेब्रल पाल्सी (लहानपणापासून मेंदूला इजा, हालचालींवर ताबा राहत नाही) आहे, वय 29. बोलणं नवीन माणसाला कळत नाही. पण त्या बीकॉम आहेत, आणि माझा हिशोब चुकला की हसतात! मला त्यांचं बोलणं समजायला दोन महिने लागले. सगळ्यात वाईट खोड मला होती ती म्हणजे अर्धं वाक्य ऐकून हो हो करायचं. एकदा त्या म्हणत होत्या "पाय अडकलाय" आणि मी हो हो करत व्हीलचेअर ढकलली. अंगठ्याचं नख निघालं. तेव्हापासून कळलं नाही तर सरळ म्हणते, ताई, परत सांगा. तीनदा, चारदा. त्यांना त्याचा राग येत नाही, खोट्या होचा येतो.

भरवताना मान मागे टाकू द्यायची नाही, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, गिळल्याशिवाय दुसरा नाही. पातळ आमटी, पाणी याने ठसका जास्त लागतो, भाताला थोडं घट्ट वरण बरं. आणि पाळीच्या दिवसात पॅड कधी बदलायचं ते त्या सांगतील, आपण घड्याळ लावून चादर वर करायची नाही, दार लावल्याशिवाय तर नाहीच. त्यांच्या काकांना हे समजवायला मला जड गेलं.

*

नाशिकचा आहे, सध्या इंग्लंडात लेस्टरला. केअर व्हिसावर 2023 ला आलो, तेव्हा बायकोला आणता आलं. मार्च 2024 नंतर आलेल्यांना ते पण बंद, आणि जुलै 2025 पासून बाहेरून नवीन केअर वर्कर घेणंच थांबवलं. गावाकडून कुणी एजंटला पैसे देत असेल तर आधी हे वाचा. काम म्हणाल तर इथे हाताने उचलायचंच नाही, छताला किंवा चाकावर हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) आणि जोडीला दुसरा माणूस. कागद मात्र फार, गोळी दिली सही, नाही घेतली तरी सही. एका घरात 30 मिनिटं, की पळा पुढच्या घरी, वाटेतल्या वेळेचे पैसे सुरुवातीला धरतच नव्हते. तिकडे माणूस चोवीस तास घरात, इथे अर्धा तास. कुठलं बरं ते मला अजून ठरवता आलं नाही.

*

मी बिछान्यावरून लिहितोय, म्हणजे पलीकडचा. चालेल ना? 11 वर्षांत 14 ब्रदर आले. चांगला कोण ते मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो. अंगाला हात लावण्याआधी जो सांगतो "आता डावीकडे वळवतोय" तो राहतो. फोन कानाला लावून डायपर बदलणारा जातो. आणि मला दिव्यांग म्हणा, अपंग म्हणा, मला फरक पडत नाही, "बाळा" म्हणू नका, मी 44 चा आहे. अजून एक, अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात जास्त मदत लागणाऱ्यांना केअरगिव्हर भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. माझ्या खात्यात एक रुपया आलेला नाही, ब्रदरचा पगार भावाच्या पेन्शनमधून जातो.

*

बहीण म्हणून लिहिते. भाऊ मतिमंद, 38 वर्षांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 18 नंतर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असते, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 1999 च्या कायद्याखाली तिथे पालकत्वाचा अर्ज करायचा. निरामय हा आरोग्य विमाही नॅशनल ट्रस्टचाच, लाखापर्यंत. आम्ही आई गेल्यावर केलं, आधी करायला हवं होतं. आमच्याकडच्या मावशी 6 वर्षं आहेत, त्या सुट्टीवर गेल्या की हा दारातल्या त्यांच्या चपलांच्या जागेवर बसून राहतो.

*

वरच्या बिछान्यावरच्या दादा, चालेल काय, तुम्हीच लिहा अजून. ठाण्याच्या भाऊ, ती आडवी चादर कॉटनची घेता का सॅटिनची? आमच्याकडे कॉटन अडकते. उत्तर उद्या वाचेन, सकाळी सातची ड्युटी आहे, रात्रपाळीची बाई आज येणार नाही असा आत्ताच मेसेज आलाय.