घरी पेशंट सांभाळलाय, आता रीतसर शिकायचंय, जीडीए (पेशंटची देखभाल करणाऱ्या असिस्टंटचा कोर्स) करू का एएनएम (सहाय्यक नर्स-दाईचा कोर्स)? (मदत हवी आहे)

नमस्कार सगळ्यांना. मी परभणी जिल्ह्यातली, सेलूजवळचं गाव. वय ३१, बारावी आर्ट्स पास, इंग्लिश होतं. दोन लेकरं, धाकटं आता अंगणवाडीत जायलंय.

सासूबाईंना पॅरालिसिस झाला होता, शेवटपर्यंत त्यांचं सगळं मीच केलं. नाकातून नळी होती, दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकवलं होतं की नळीतून पातळ अन्न द्यायच्या आधी डोक्याकडची बाजू उंच करायची, नळी जागची हलली का ते बघायचं आणि दिल्यावर लगेच आडवं करायचं नाही. दर दोन तासाला कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तेव्हाच डॉक्टर म्हणले होते ताई तुम्ही हे काम शिकून घ्या, ते डोक्यात बसलंय.

आता झालंय असं की जिल्ह्याच्या ठिकाणी एक क्लास आहे, नाव लिहीत नाही, तिथं सहा महिन्याचा "नर्सिंग" कोर्स म्हणतेत, ४५ हजार फी, नोकरी पक्की, आणि नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं (नर्स म्हणून नाव नोंदवायचं) विचारलं तर ते नंतर होऊन जातं एवढंच सांगितलं. आमचे मालक म्हणतेत सोयाबीनचे पैसे आले की भरून टाकू. पण कष्टाचा पैसा आहे, मला भ्याव वाटायलंय. कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, या वयात एएनएमला घेतेत का?

सिस्टर_संभाजीनगर: ताई, पैसे अजिबात भरू नका. सहा महिन्यात कुणीच नर्स होत नाही. एएनएम २ वर्षांचं आहे, वय १७ ते ३५ चालतं, आर्ट्सवाल्यांना घेतात फक्त बारावीला इंग्लिश पाहिजे, म्हणजे तुम्ही बसता. जीएनएम, म्हणजे त्याच्या वरचा नर्सिंगचा कोर्स, ३ वर्षांचा, त्याला बारावीला ४० टक्के लागतात. कॉलेज कोणतंही असू द्या, आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा, कारण पास झाल्यावर रजिस्ट्रेशन तिथंच होतं आणि ते नसेल तर नर्स म्हणून कुठंच उभं राहता येत नाही. उपकेंद्रातली नर्सची नोकरी पण एएनएमला मिळते. आणि पुढं एएनएमवरून जीएनएमला जाता येतं, मी स्वतः तशीच आले.

लातूरकर: मी जीडीए केलंय, जनरल ड्युटी असिस्टंट. दहावीवर होतं, थोड्या महिन्यांचं. पीएमकेव्हीवाय (प्रधानमंत्री कौशल्य विकास) योजनेतून केलं तर फी नाही, सर्टिफिकेट हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं मिळतं. काम म्हणजे स्पंज बाथ, बेड करणं, पेशंटला उठवणं-बसवणं, भरवणं, बीपी टेम्परेचर बघून सिस्टरला सांगणं. इंजेक्शन सलाईन आपण द्यायचं नाही, कुणी द्या म्हणलं तरी नाही. ताई तुम्ही जे सासूबाईंचं केलं ते बरंचसं हेच आहे, त्यामुळं जड जाणार नाही. लेकरं लहान आहेत आणि लवकर कमाई पाहिजे असेल तर हे बरं, पगार मात्र कमी असतो.

सिस्टर_संभाजीनगर: बरोबर आहे त्यांचं, जीडीए वाईट नाही, चांगल्या जीडीएशिवाय वॉर्ड चालत नाही. पण ताईंचं वय बघा ना, पस्तिशीनंतर एएनएमचं दार बंद होतं, जीडीए नंतरही करता येईल. म्हणून मी तर एएनएमच म्हणेन.

(धागा लिहिणारी): खूप आभार दोघांचे. वयाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मालकांना वाचून दाखवलं, ते म्हणले मग क्लासचं राहू दे. आता यादी बघते. अजून एक, आर्ट्सवालीला ॲनाटॉमी वगैरे झेपतं का? पुस्तकं इंग्लिशमधली असतेत म्हणे.

सिस्टर_संभाजीनगर: झेपतं. माझ्या बॅचला निम्म्या आर्ट्सच्याच होत्या. मॅडम मराठीतून समजावून सांगायच्या, शब्द तेवढे इंग्लिश पाठ करावे लागतात. बारावीची मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ॲडमिशनच्या वेळी तहसीलला गर्दी असते.