फेब्रुवारीत नको, एप्रिलात जाऊया

किरण (ए-4): महाशिवरात्रीचा आठवडा धरून मुन्नारला जाऊन येऊया की. एराविकुलम नॅशनल पार्क बघायचं कधीपासून मनात आहे. पूर्णा एक्सप्रेसनं इथून बेळगावहून एर्नाकुलम, पुढं गाडीनं साधारण 130 किलोमीटर. 4 घरं तयार आहेत. नावं द्या, रात्री तिकिटं काढतो.

बाळू अण्णा: आमची तीन नावं घाल.

शुभा वैनी: आमची पण. अत्तींना चालायला जमेल काय तिथं? गुडघे दुखतात त्यांचे.

सुधा काकू (बी-2): किरण, तिकिटं काढू नकोस रे. फेब्रुवारी-मार्चमध्ये एराविकुलम बंद असतंय. तहरची पिल्लं जन्मायचे दिवस असतात ते.

बाळू अण्णा: तहर म्हणजे?

सुधा काकू: निलगिरी तहर. रानशेळीच म्हणा. तिकडं वरयाडू म्हणतात, कड्यावरची शेळी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फेब्रुवारीचा शेवट होता. टूरवाल्यानं "सगळं चालू आहे" म्हणून सांगितलेलं. लहानग्यांना घेऊन गेटपर्यंत गेलो आणि तिथनंच परत फिरलो. धाकटी मुन्नारपर्यंत रडत होती. तसं तुमचं होऊ नये म्हणून सांगते.

किरण: बापरे. बरं झालं बोललात काकू.

प्रकाश (सी-1): माझ्या ओळखीचा एकजण आहे तिकडं. बघू काय, आत सोडायची सोय होते काय?

सुधा काकू: नको प्रकाश, खरंच नको. तहरची मादी बहुधा एकच पिल्लू देते. ही जनावरं जगात फक्त केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांत आहेत, दुसरीकडं कुठंच नाहीत. आपण चार फोटोंसाठी आत गेलो आणि आई बिचकून पिल्लापासून लांब पळाली तर? आपल्या घरात बाळंतीण असली तर पाहुण्यांना आपणच थांबवतो की.

प्रकाश: पटलं काकू. सोडला तो विषय.

शुभा वैनी: मग मुलांना दिसणार काय तिथं? वाघ, हत्ती?

सुधा काकू: वाघ-हत्तीची आशा धरून जाऊ नका, नाहीतर हिरमोड होईल. दुसऱ्या खेपेला आम्ही एप्रिलात गेलो ते सांगते. खाली गाडी ठेवायची, वन खात्याच्या बसनं वर पार्कातल्या राजमलाला जायचं, पुढं डांबरी रस्त्यानं सावकाश चालायचं. आम्ही पोचलो तेव्हा धुकं एवढं होतं की पुढच्या माणसाची नुसती छत्री दिसत होती. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला चर्र चर्र आवाज यायला लागला. गवत तोडायचा आवाज! धुकं जरा सरकलं तर चार हातांवर एक नर उभा. अंगानं काळपट तपकिरी, पाठीवर खोगीर घातल्यासारखा रुपेरी पट्टा, शिंगं मागं वळलेली. पापणीच्या केसांवर धुक्याचे थेंब साठलेले. आमच्याकडं एकदा बघितलंन आणि परत चरायला लागला. धाकटीनं माझा हात घट्ट धरलेला, पण तोंडातनं शब्द नाही.

सुधा काकू: आणि ते डोंगर बघून "झाडं तोडून टाकलीत" असं मुलांना सांगू नका हं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. उतारांवर नुसतं गवत आणि घळीघळीतनं दाट, बुटकं जंगल, त्याला शोला म्हणतात. फांद्यांवर शेवाळं हे एवढं. पावसाचं, धुक्याचं पाणी ते धरून ठेवतं आणि ओढ्यांना सावकाश सोडतं. कणकुंबीला मलप्रभा नदीचा उगम बघितलाय ना आपण सगळ्यांनी? रान राहिलं तर पाणी राहतं, ते तिथं डोळ्यांना दिसतं.

बाळू अण्णा: अनामुडी तिथंच ना?

सुधा काकू: होय अण्णा, 2695 मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. खालनंच बघायचं. पूर्वी तिथं चहामळ्यांचे इंग्रज साहेब शिकार करायचे. 1975 साली अभयारण्य झालं, 1978 साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र फक्त 97 चौरस किलोमीटर.

अवनी (ए-4): काकू, ती निळी फुलं दिसतील काय?

सुधा काकू: नीलकुरिंजी 12 वर्षांनी एकदाच फुलते गं सोने. आपल्या सह्याद्रीतली कारवी तिच्याच कुळातली, ती सात वर्षांनी फुलते. नीलकुरिंजी 2018 ला फुलली, तेव्हा नेमका केरळात महापूर. आता 2030 ला. तेव्हा परत जाऊया, मी येणार.

शुभा वैनी: आणि अत्तींचं?

सुधा काकू: बस वरपर्यंत जाते वैनी. पुढं चढ आहे, पण झेपेल तेवढंच चालायचं. मात्र स्वेटर, कानटोपी घ्याच. बेळगाव साडेसातशे मीटरवर, ते त्याच्या दुपटीहून वर आहे. एप्रिलातसुद्धा वारा झोंबतो.

किरण: मग परीक्षा संपल्या की एप्रिलचा तिसरा आठवडा धरू? पार्कची तिकिटं ऑनलाईन आधीच काढतो.

बाळू अण्णा: धर. खायला आपला बेळगावी कुंदा माझ्याकडं लागला.

सुधा काकू: स्टीलच्या डब्यातनं आणा अण्णा. प्लास्टिक पिशवी एकसुद्धा वर न्यायची नाही. आणि किरण, निघायच्या आठ दिवस आधी पार्क उघडलं काय ते वन खात्याकडंच विचारून घे, टूरवाल्याकडं नको.