टोकन आणि डिलिव्हरी यांच्या दरम्यान जुन्या गाडीला पडलेला चरा: विक्रेत्याची जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्नकर्ता, सहकारनगर

नमस्कार. पुण्यातील वापरलेल्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून आम्ही नुकतीच २०१९ सालची राखाडी मेटॅलिक रंगाची पेट्रोल हॅचबॅक ४ लाख ६५ हजार रुपयांना घेतली. गाडी प्रथम पाहिली तेव्हा ती भर दुपारी यार्डात उभी होती आणि मी तिच्याभोवती फिरून मोबाइलवर सलग चित्रण केले होते. समोरच्या बंपरवरचे दोन ओरखडे विक्रेत्याने स्वतःहून दाखवले, ते लक्षात घेऊनच किंमत ठरली आणि मी टोकन दिले. 'पॉलिश करून, चकाचक करून गाडी देतो,' असा त्यांचा व्हॉट्सॲप संदेश माझ्याकडे आहे. उरलेली रक्कम कर्ज मंजूर झाल्यावर त्यांच्या खात्यात जमा झाली.

डिलिव्हरी मात्र संध्याकाळी उशिरा आणि भर पावसात मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कोरडी झाल्यावर डाव्या मागच्या दारापासून क्वार्टर पॅनलपर्यंत (मागच्या दारामागचा, चाकावरचा पत्रा) गेलेला एक लांब चरा आणि त्याच्या टोकाला तळहाताएवढा पोचा दिसला. माझ्या चित्रणात त्या जागी काहीही नाही. शिवाय उन्हात पाहिले असता डाव्या पुढच्या दाराची छटा शेजारच्या फेंडरपेक्षा (पुढच्या चाकावरच्या पत्र्यापेक्षा) किंचित वेगळी वाटते.

विक्रेत्याचे म्हणणे असे, की जुनी गाडी जशी आहे तशी विकली जाते, 'गाडी पाहून समाधान झाल्यावर ताब्यात घेतली' या ओळीखाली माझी सही आहे, आणि हा चरा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडला नाही हे कशावरून? त्यांनी टचअप करून देण्याची तयारी दाखवली आहे, त्यापलीकडे काही नाही. नावावर करण्याची कागदपत्रे आरटीओकडे जायची आहेत. जुन्या गाडीवर ओरखडे असणार हे आम्हाला मान्य आहे. पण जो आम्ही पाहिला नाही, ज्याची किंमत ठरवली नाही, तो पोचा आमच्या गळ्यात का पडावा? आम्ही नेमके काय मागावे आणि कशाच्या आधारावर?

प्रतिसाद १: निवृत्त विमा सर्वेक्षक, कोथरूड

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी नुकसाने एकत्र आली आहेत. ती आधी वेगळी करा, कारण विक्रेत्याशी बोलताना ती मिसळली की कमकुवत मुद्दा भक्कम मुद्द्यालाही खाली ओढतो. मागच्या दाराचा चरा आणि पोचा टोकननंतरचा आहे आणि तुमच्याकडे आधीचे चित्रण आहे. पुढच्या दाराची छटा ही बहुधा जुन्या रंगकामाची खूण आहे आणि ते रंगकाम तुम्ही गाडी पाहिली त्या दिवशीही तिथे होते.

आता चऱ्याबद्दल. गाडी धुऊ नका, पुसू नका, टचअप तर मुळीच करू देऊ नका. भिंगातून किंवा मोबाइलच्या जवळच्या छायाचित्रातून चऱ्याच्या खाचेत पाहा. डिलिव्हरीपूर्वी गाडीला खरोखर पॉलिश केले असेल आणि चरा त्याआधीचा असेल, तर पॉलिशचा वाळलेला पांढरट अंश खाचेत आणि सोललेल्या क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, कडेला अडकलेला सापडतो. तो सापडला, तर चरा पॉलिशच्या वेळी गाडीवर होता आणि त्या वेळी गाडी विक्रेत्याच्याच ताब्यात होती, असा थेट निष्कर्ष निघतो. खाच स्वच्छ असेल तर मात्र उलटे काही सिद्ध होत नाही, कारण पॉलिशनंतर यार्डातून गाडी काढतानाही ती घासली जाऊ शकते. चरा पत्र्यापर्यंत गेला असेल तर पुण्याच्या पावसाळी हवेत उघडा पत्रा लवकर तांबूस होऊ लागतो, म्हणून आजच तारखेसह छायाचित्रे काढा. एका छायाचित्रात नंबर प्लेट आणि चरा दोन्ही दिसू द्या, दुसऱ्यात शेजारी मोजपट्टी धरा, आणि उन्हात तिरक्या कोनातूनही एक घ्या; पोचा समोरून घेतलेल्या छायाचित्रात जवळजवळ नाहीसा होतो. ओल्या पत्र्यावरही हेच होते. पाण्याचा थर ओरखडे भरून काढतो आणि प्रकाश एकसारखा परावर्तित करतो, त्यामुळे पावसात आणि दिव्याखाली तुम्हाला चरा दिसला नाही यात नवल काहीच नाही.

सोसायटीच्या प्रवेशद्वारावर आणि पार्किंगमध्ये कॅमेरे असतील तर त्या रात्रीचे चित्रण आजच जतन करायला सांगा. अनेक ठिकाणी जुने चित्रण आपोआप पुसले जाते. गाडी आत येतानाच डावी बाजू दिसली, तर पार्किंगचा आक्षेप तिथेच संपतो.

पुढच्या दारासाठी रंगाची जाडी मोजणारे मीटर लावून घ्या. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन असते. पुन्हा रंगवलेला पत्रा बहुतेक वेळा त्याहून बराच जास्त आकडा दाखवतो, आणि खाली पुट्टी असेल तर तो पाचशेच्या पुढेही जातो. एकाच गाडीच्या सर्व पॅनलचे आकडे शेजारी शेजारी लिहिले तरच त्यांना अर्थ येतो. बंपर प्लास्टिकचा असल्याने नेहमीचे मीटर तिथे चालत नाही. दाराच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला आहे का आणि रबराच्या बीडिंगवर रंगाचे तुषार आहेत का, हेही पाहा.

आणि एक कळकळीची विनंती: हे स्वतःच्या विम्यातून भरून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दाव्याच्या अर्जात अपघाताची तारीख आणि ठिकाण लिहावे लागते. जे तुम्हाला ठाऊक नाही ते तिथे लिहिणे चुकीचे आहे आणि तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्ज मात्र मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे करा.

प्रतिसाद २: वकील, शिवाजीनगर

वरील प्रतिसादात पुराव्याचा भाग उत्तम मांडला आहे. मी कायद्याची बाजू सांगतो.

'जशी आहे तशी' या शब्दांना अर्थ आहे, पण त्यातील 'आहे' हा शब्द कोणत्या दिवसाचा, हा खरा प्रश्न आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ प्रमाणे खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल दर्जाची गर्भित अट (करारात न लिहिताही कायद्याने धरली जाणारी अट) लागू होत नाही. बंपरवरच्या ओरखड्यांबद्दल म्हणूनच तुम्हाला काही मागता येणार नाही. तपासणीनंतर झालेले नुकसान मात्र त्या तपासणीत दिसणे शक्यच नव्हते.

त्याहून महत्त्वाची कलमे २१ आणि २६ आहेत. ठरावीक वस्तू सुपूर्द करण्यायोग्य स्थितीत आणण्यासाठी विक्रेत्याने काही काम करायचे असेल, तर ते काम पूर्ण होऊन खरेदीदाराला तसे कळेपर्यंत मालकी हस्तांतरित होत नाही, असे कलम २१ सांगते. आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर मालकी हस्तांतरित होईपर्यंत वस्तूची जोखीम विक्रेत्याची असते, असे कलम २६ सांगते. पॉलिश करून देण्याचा तो व्हॉट्सॲप संदेश म्हणून जपून ठेवा. पॉलिश हे अशा प्रकारचे काम नाही, टोकन दिले तेव्हाच गाडी तुमची झाली, असा युक्तिवाद समोरून येऊ शकतो. तो क्षणभर मान्य केला तरी विक्रेता सुटत नाही, कारण मग दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवणाऱ्यावर भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १५१ प्रमाणे ती सामान्य विवेकी माणसाप्रमाणे सांभाळण्याची जबाबदारी येते. कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्या मधल्या काळाचा हिशेब त्यांनाच द्यावा लागतो.

डिलिव्हरी नोटवरची सही हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे आणि त्याला कमी लेखू नका. पण तो अंतिम पुरावा नाही. रात्री, पावसात ताबा दिल्याची वेळ त्याच नोटवर किंवा संदेशांत नोंदलेली असेल, आणि दुसऱ्याच सकाळी तुम्ही लेखी तक्रार केलेली असेल, तर त्या सहीचे वजन बरेच कमी होते. तक्रार फक्त फोनवर केली असेल तर आज ईमेलने करा आणि त्यात आधीच्या फोनचा दिवस व वेळ लिहा. मूळ चित्रण ज्या मोबाइलमध्ये आहे त्यातून ते काढू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत मूळ फाइलचे तपशील राहत नाहीत.

ईमेलला उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही; तुमची गाडी त्यातच बसते. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीचा मसुदा कुणा जाणकाराला दाखवायचा असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ही चळवळ याच शहरात सुरू केली.

गाडी परत करून सर्व पैसे मागण्याच्या मी विरोधात आहे. एका चऱ्यासाठी व्यवहार रद्द करण्याची मागणी अवाजवी दिसते आणि तुमच्या न्याय्य मागणीची विश्वासार्हता घालवते. दुरुस्तीचा खर्च आणि किमतीतील घट, एवढेच मागा. कर्जाचा हप्ता थांबवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. बँकेचा या वादाशी संबंध नाही.

प्रतिसाद ३: वापरलेल्या गाड्यांचा व्यवसाय, हडपसर

मी याच व्यवसायात आहे, म्हणून आमची बाजूही लिहितो. यार्डात गाड्या इतक्या जवळजवळ लावलेल्या असतात, की एक बाहेर काढायला कधीकधी चार हलवाव्या लागतात, आणि हे काम करणारी मुले दर वेळी मालकाला सांगतातच असे नाही. तुमच्या विक्रेत्याला त्या पोच्याची खरोखर कल्पना नसेल, हे शक्य आहे. त्यामुळे पहिल्या ईमेलमध्ये 'फसवणूक' हा शब्द टाळा. कल्पना नसल्याने त्यांची जबाबदारी कमी होते असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. आमच्या यार्डात घडले असते तर मी ते भरून दिले असते, आणि टचअपवर बोळवण करणे मला पटत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी तरतूद आली आहे. तिच्यानुसार विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे असते, आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना दिली की विक्रेता तिचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, ठरतो. अशी गाडी चाचणी, प्रात्यक्षिक, तपासणी किंवा दुरुस्ती-रंगकाम अशा कारणांसाठीच रस्त्यावर नेता येते, आणि प्रत्येक फेरीचे कारण, चालक, वेळ आणि किलोमीटर इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत लिहायचे असतात. टोकन ते डिलिव्हरी या काळातील ती नोंद लेखी मागा. पॉलिश दुसऱ्या ठिकाणी झाले असेल तर गाडी तिथे गेल्याची फेरी त्यात असायला हवी. तुमच्या चित्रणात ओडोमीटर दिसत असेल तर तो आकडा डिलिव्हरीच्या आकड्याशी ताडून पाहा.

पुढच्या दाराबाबत मी सर्वेक्षकांशी सहमत आहे, किंबहुना त्याहून पुढे जाईन. पाच-सहा वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीचे एखादे दार रंगवलेले असणे अगदी सामान्य आहे. 'सर्व पॅनल मूळ रंगात आहेत' असे तुम्हाला जाहिरातीत किंवा संदेशात लिहून दिले असेल तरच तो मुद्दा धरा. मात्र मीटरने तिथे जाड पुट्टी दाखवली आणि दाराच्या खांबावरही रंगकामाच्या खुणा असल्या, तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही. तो अपघाताच्या इतिहासाचा प्रश्न होतो. त्याची स्वतंत्र तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या.

दुरुस्तीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मेटॅलिक रंगात चऱ्यापुरता पट्टा रंगवून चालत नाही. दार पूर्ण रंगवावे लागते आणि क्वार्टर पॅनलवर छटा मिसळत न्यावी लागते, नाहीतर उन्हात पट्टा उठून दिसतो. दोन वर्कशॉपची लेखी अंदाजपत्रके घ्या आणि त्यात पोचा काढण्याची पद्धत, रंगाचा कोड आणि बंदिस्त बूथमध्ये (रंगकामाच्या खोलीत) रंगकाम होणार का, हे लिहून घ्या.

प्रश्नकर्ता, सहकारनगर

सर्वांचे मनापासून आभार. भिंगातून पाहिले तेव्हा खाचेच्या निम्म्या लांबीत पांढरे वाळलेले पॉलिश स्पष्ट दिसले. प्रवेशद्वाराच्या कॅमेऱ्यात गाडी आत येताना डावी बाजू दिसते, पण पावसामुळे चरा ओळखू येत नाही. पोच्याच्या जागी दिव्याचे प्रतिबिंब मात्र वाकलेले दिसते. छायाचित्रे, दोन अंदाजपत्रके आणि फेऱ्यांच्या नोंदीची मागणी, असे सर्व शांत भाषेत ईमेलने पाठवले. आता विक्रेते म्हणतात, की दार आणि क्वार्टर पॅनल त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण रंगवून देतो, पण त्याआधी 'आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही' अशा पत्रावर सही द्या. हे मान्य करावे का?

प्रतिसाद: वकील, शिवाजीनगर

प्रस्ताव मान्य करा, पण पत्राचा क्रम बदला. आधी ईमेलवर त्यांच्याकडून कामाची व्याप्ती, पूर्ण होण्याची तारीख आणि रंगकामाची किमान एक वर्षाची हमी लिहून घ्या. गाडी दुरुस्तीला देताना ओडोमीटर, इंधनाची पातळी आणि चारही बाजूंची छायाचित्रे दोघांनी मिळून काढा. परत घेताना दिवसाउजेडी, कोरड्या गाडीची तपासणी करा आणि मगच सही द्या. त्या पत्रात 'कोणतीही तक्रार' असे न लिहिता 'डाव्या मागच्या दाराच्या व क्वार्टर पॅनलच्या बाह्य नुकसानीबाबतची तक्रार' असे लिहा, म्हणजे पुढच्या दाराच्या तपासणीत काही गंभीर निघाले तर तुमचा हक्क शाबूत राहील. आरटीओची कागदपत्रे मात्र या दुरुस्तीसाठी अडवून ठेवू नका; गाडी जितक्या लवकर तुमच्या नावावर होईल तितके तुमच्याच हिताचे आहे.